शेजारती

आषाढी यात्रा तोंडावर आली की पंढरपुरात चांगला दिवस पाहून विठ्ठलाचा पलंग काढतात. शेजघरातला पलंग हलला, देवाच्या पाठीशी कापसाचा लोड लागला, रुक्मिणीमातेला तक्क्या मिळाला, की दर्शन चोवीस तास खुलं होतं. मग पहाटेचा काकडा नाही, दुपारचा पोशाख नाही, धूपारती नाही आणि रात्रीची शेजारतीही नाही. नित्यपूजा, महानैवेद्य, रात्रीचं लिंबूपाणी एवढंच काय ते चालू राहतं. लाखो माणसं उन्हापावसातून चालत आलेली असतात. कोणाचा नंबर संध्याकाळी लागेल, कोणाचा रात्री तीनला. तेव्हा देवाने झोपून कसं चालेल, असा सरळ हिशेब आहे. आणि इतके दिवस सलग उभं राहायचं म्हणजे पाठीला रग लागणारच, म्हणून लोड.

गंमत अशी की ही यात्रा ज्या एकादशीसाठी भरते तिचं पंचांगातलं नाव देवशयनी. त्या दिवशी विष्णू क्षीरसागरात शेषावर झोपी जातो, भाद्रपद शुद्ध एकादशीला कूस बदलतो आणि कार्तिकात प्रबोधिनी एकादशीला जागा होतो, असं पुराण सांगतं. चातुर्मास तो हाच. म्हणजे विष्णू झोपतो त्याच दिवशी त्याचंच रूप मानलेला विठ्ठल भीमेकाठी डोळा न लावता उभा असतो. शास्त्राने झोपवलेल्या देवाला वारकऱ्यांनी जागं ठेवलं आणि कोणाला त्यात विसंगती वाटली नाही. माझ्या मते महाराष्ट्राच्या भक्तीचा स्वभाव समजून घ्यायला ही एक गोष्ट पुरेशी आहे.

यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते. मंदिर धुऊन काढतात, देवाच्या पायांना लिंबू-साखर चोळतात, गरम पाण्याने स्नान घालतात. पलंग पुन्हा शेजघरात येतो. त्या रात्री शेजारतीला देवाला काढा देतात. सुंठ, मिरी, लवंग, वेलदोडा, तुळस असे घरोघरच्या काढ्यात पडणारेच जिन्नस त्यात असतात. लांबचा प्रवास करून आलेल्या किंवा लग्नघरात चार रात्री जागलेल्या माणसाला घरातली थोरली बाई जे करून देईल तेच.

एरवीच्या दिवशी ही शेजारती मध्यरात्रीच्या सुमारास होते. देवाचे पाय धुतात, दिवसाचा भरजरी पोशाख उतरवतात, आरती म्हणतात आणि गाभाऱ्यापासून शेजघरापर्यंत पायघडी अंथरतात. मूर्ती अर्थातच विटेवरून हलत नाही. देव त्या पायघडीवरून चालत पलंगाकडे जातो, असं मानायचं आणि वाट मोकळी ठेवायची. या सगळ्याची कामं पूर्वी घराण्यांत वाटलेली होती. बडवे आणि उत्पात मुख्य. त्यांच्याखेरीज पुजारी, बेणारी, परिचारक, हरिदास, डिंगरे, डांगे आणि दिवटे असे सात सेवाधारी. परिचारकाने पाणी आणायचं, हरिदासाने गायचं, डिंगऱ्यांनी आरसा दाखवायचा, डांग्यांनी काठी घेऊन उभं राहायचं, दिवट्यांनी उजेड धरायचा. १८८४ साली निघालेल्या सोलापूर जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये या सेवेकऱ्यांचं आणि त्यांच्या कामांचं तपशीलवार वर्णन आहे. पंढरपूर मंदिरांचा कायदा १९७३ साली झाला, त्यावर दीर्घकाळ कोर्टकचेरी चालली आणि जानेवारी २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बडवे-उत्पातांचे वंशपरंपरेचे हक्क संपले. आता मंदिर समितीचे पुजारी ही सेवा करतात. माणसं बदलली, पण देवाला रात्री निजवायचं हे बदललं नाही.

घरच्या पूजेत हे नसतं. षोडशोपचार पूजेची यादी आवाहनापासून सुरू होते, आसन, पाद्य, अर्घ्य, स्नान, वस्त्र, गंध, फूल, धूप, दीप, नैवेद्य असं करत मंत्रपुष्पाशी संपते. त्या सोळांत निजवणं नाही. कारण ती पूजा पाहुण्याची आहे. देव आला, त्याचं आदरातिथ्य झालं, तो गेला. गणपतीचं विसर्जन करतो ते याच नात्याने. देवळातला देव मात्र तिथला रहिवासी, किंबहुना तिथला राजा. राजाला भाट उठवतात, न्हाऊ घालतात, दरबारी पोशाख चढवतात, त्याच्यापुढे गाणं होतं, रात्री विडा देऊन त्याला शय्येवर पोचवतात. देवळांनी हा दिनक्रम उचलला, म्हणून त्याला राजोपचार म्हणतात. सकाळची भूपाळी आणि रात्रीची शेजारती ही या दिनक्रमाची दोन टोकं. भूपाळीच्या वाट्याला कीर्ती जास्त आली. शाहीर होनाजी बाळाच्या भूपाळीभोवती व्ही. शांतारामांनी १९५१ साली ‘अमर भूपाळी’ हा अख्खा चित्रपट उभा केला. शेजारतीवर तसा चित्रपट कोणी काढला नाही. ती ऐकायला रात्री उशिरापर्यंत देवळात थांबावं लागतं.

भारतभर हा रिवाज आहे आणि प्रत्येक ठिकाणी त्याला तिथला रंग आहे. मदुराईत रोज रात्री सुंदरेश्वराच्या पादुका पालखीतून मीनाक्षीच्या शयनगृहात नेतात, म्हणजे नवरा बायकोकडे जातो. तिरुमलेला एकांत सेवेत भोग श्रीनिवासाची चांदीची छोटी मूर्ती निजवतात, अन्नमाचार्यांच्या वंशातला कोणी त्यांची अंगाई गातो आणि तरिगोंडा वेंगमांबा या संतकवयित्रीच्या नावाने आरती होते. अमृतसरला तर मूर्तीच नाही, ग्रंथ आहे. तरीही रात्री सुखासन होतं. गुरू ग्रंथसाहिब पालखीत ठेवून हरमंदिरातून अकाल तख्तावर विश्रांतीला नेतात. त्या ग्रंथात आपल्या नामदेवांची ६१ पदं आहेत. पंढरपुरात नामदेवांच्या विठ्ठलाला निजवतात आणि पंजाबात नामदेवांच्या शब्दांना.

तुळजापूरची तऱ्हा या सगळ्यांहून निराळी, कारण तिथे मानायचं काही उरत नाही. तुळजाभवानीची मूर्ती चल आहे. तिला सिंहासनावरून खरोखर उचलतात आणि पलंगावर आडवी निजवतात. वर्षातून तीनदा ही मंचकी निद्रा होते. भाद्रपद वद्य अष्टमीला सुरू होऊन घटस्थापनेच्या पहाटे संपते ती घोरनिद्रा. महिषासुराशी लढाई व्हायची आहे, त्याआधी देवीने पुरती विश्रांती घ्यावी म्हणून. दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की आश्विन पौर्णिमेपर्यंत श्रमनिद्रा, कारण लढून ती थकली आहे. आणि पौषात शाकंभरी नवरात्राच्या आधी मोहनिद्रा. झोपेलाही कारण असतं आणि कारणाप्रमाणे झोपेची जात बदलते, हे इतक्या नेमकेपणाने सांगणारी दुसरी परंपरा माझ्या माहितीत नाही. परीक्षेआधीची झोप आणि परीक्षा संपल्यावरची झोप सारखी नसते, हे आपण प्रत्येकाने अनुभवलेलं असतं. तुळजापूरकरांनी त्या अनुभवाला तिथी दिल्या आणि नावं दिली.

श्रमनिद्रेचा पलंग पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यात घोडेगावला तयार होतो. तिथून गावोगावचे मुक्काम करत, नगर मार्गे, तो दसऱ्याच्या वेळेला तुळजापुरात पोचतो. सीमोल्लंघनाची पालखी नगरजवळच्या बुऱ्हाणनगरची. वाटेत लोक पलंगाचं दर्शन घेतात, त्याच्यावर हळद-कुंकू वाहतात. देवी अजून त्यावर निजलेलीही नसते, पण तिची पाठ टेकणार आहे एवढ्याने लाकूड पूज्य होतं. घोरनिद्रेआधी तुळजापुरातल्या बायका देवीच्या गाद्यांचा कापूस हाताने निवडतात. सरकी, काडी, कचरा बाजूला काढून कापूस मऊ करायचा. तिच्या पाठीला काही टोचू नये याची ही काळजी आहे, आणि ज्या देवीने तलवार देऊन स्वराज्याला आशीर्वाद दिला असं घराघरात सांगतात, त्याच देवीची.

निजवण्याची अशी सोय असलेल्या या समाजात माणसं एकमेकांना रात्री काय म्हणत होती? ‘शुभ रात्री’ म्हणत नव्हती, हे नक्की. जुन्या मराठी घरात रात्रीचा निरोप घ्यायला ठरलेलं वाक्यच नव्हतं. जेवणं आटोपली, उष्टी-खरकटी निघाली, अंथरुणं पडली, की कोणीतरी म्हणे, “चला, पडा आता.” नाहीतर, “निजा, उद्या लवकर उठायचंय.” मग प्रश्न सुरू होत. “दाराला कडी घातलीस का?” “विरजण लावलंस?” “पांघरूण पुरतंय ना?” “तांब्या भरून ठेवलाय का उशाशी?” शेवटच्या प्रश्नाला आतून नुसता हुंकार येई आणि घरात निजानीज होई. इंग्रजीत रात्रीच्या वेळी समोरच्याला शुभेच्छा देतात, आपल्याकडे चौकशी करतात. रात्र चांगली जावी असं नुसतं म्हणण्यापेक्षा ती चांगली जाण्यासाठी लागणाऱ्या गोष्टी जागच्या जागी आहेत ना, हे पाहणं आपल्या माणसांना जास्त महत्त्वाचं वाटत आलं. तुळजापुरात कापसातला कचरा काढणारी बाई आणि घरी पांघरुणाची विचारपूस करणारी आई यांची भाषा एकच आहे.

चौकशीने भागणार नाही अशी भीती मात्र उरायचीच, आणि तिच्यासाठी शब्द होते. दिवेलागणीला शुभंकरोती, परवचा, रामरक्षा, भीमरूपी. आणि अगदी पाठ टेकताना कोकणात, देशावरही, आस्तिकाचं नाव घ्यायची पद्धत होती. हा आस्तिक महाभारताच्या आदिपर्वातला, जरत्कारू ऋषींचा मुलगा. जनमेजयाने बापाच्या मृत्यूचा सूड म्हणून मांडलेलं सर्पसत्र त्याने थांबवलं आणि वाचलेल्या नागांनी त्याला वर दिला की तुझं स्मरण करणाऱ्याला आम्ही दंश करणार नाही. आज सिमेंटच्या घरात पलंगावर झोपणाऱ्याला हे नुसतं पाठांतर वाटेल. पण मातीच्या भिंती, शेणाने सारवलेली जमीन, पावसाळा आणि जमिनीवर पसरलेलं अंथरूण डोळ्यांसमोर आणा. मण्यार रात्री फिरतो, भक्ष्याच्या शोधात घरात शिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. त्याचा दंश इतका कमी दुखतो की झोपलेल्याला कित्येकदा तो कळतही नाही, आणि विष मज्जासंस्थेवर काम करत श्वास थांबवतं. सकाळी उठवायला गेलं तर माणूस उठत नाही. अशा घरात आस्तिकाचं नाव घेतल्याशिवाय मूल झोपवायला कोणती आजी तयार होईल?

गोव्यात रात्रीचा निरोप आणखी वेगळ्या वाटेने घडला. तिथल्या ख्रिस्ती घरांत संध्याकाळी चर्चची घंटा झाली की सगळं कुटुंब वेदीपुढे जमून तेर्स, म्हणजे रोझरीची प्रार्थना, म्हणतं. तेर्स संपला की लहानांनी थोरांकडे ‘बेसांव’ मागायचं, म्हणजे आशीर्वाद. आजोबांपासून सुरुवात करून वयाच्या उतरत्या क्रमाने. बेसांव हा पोर्तुगीजांकडून आलेला शब्द, पण थोरांच्या पाया पडायची रीत इथलीच, त्यामुळे ते इतकं सहज रुजलं. आणि झोपायला जाताना म्हणायचं, “देव बरी रात दिवं.” देव चांगली रात्र देवो. इथेही माणूस आपल्या पदरची रात्र दुसऱ्याला देत नाही, देवाकडे मागतो.

‘शुभ रात्री’ हे या सगळ्यांत धाकटं. ‘शुभ प्रभात’सारखंच ते इंग्रजीच्या वळणावर संस्कृत शब्दांनी घडवलेलं आहे. रेडिओ-टीव्हीवरच्या निवेदकाला समोर न दिसणाऱ्या, ओळख नसलेल्या हजारो लोकांचा निरोप घ्यायचा असतो. तिथे “कडी घातलीस का?” चालत नाही, तिथे असा मोकळा, कोणालाही लागू पडणारा शब्दच हवा. वसतिगृहात, ऑफिसच्या ग्रुपवर, परक्या शहरात त्याची तशीच गरज पडते. म्हणून त्याला नाक मुरडणाऱ्यांशी मी सहमत नाही. आता तो मोबाईलवर गुलाब, चंद्र आणि सुविचार घेऊन रोज रात्री येतो. कोथरूडमधल्या निवृत्त शिक्षिका, सोलापूरच्या भिशी मंडळातल्या मैत्रिणी, दुबईत नोकरीला असलेला मुलगा, सगळे एकाच चित्रावर एकमेकांना भेटतात. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत त्या चित्राचा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो की मी आज ठीक आहे. एका रात्री ते आलं नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळी कोणीतरी फोन करतं. इथे शुभेच्छा परत चौकशीकडे वळते आणि म्हणूनच मला ती आपली वाटते.

देवळातली शेजारती आणि घरातली चौकशी एकाच जागी पाहायची असेल तर शिरडीच्या चावडीकडे वळायला हवं. साईबाबा एक रात्र मशिदीत, म्हणजे द्वारकामाईत, आणि दुसरी रात्र जवळच्या चावडीत काढत. १० डिसेंबर १९०९पासून चावडीत त्यांची नित्य पूजा-आरती सुरू झाली. पुढे शिरडीच्या आरत्यांची जी घडी बसली ती पंढरपूरच्या आरत्यांच्या नमुन्यावर, कृष्णाजी जोगेश्वर भीष्म यांच्या ‘सगुणोपासने’तून. आज समाधी मंदिरात रात्री शेजारती झाल्यावर मच्छरदाणी लावतात आणि पिण्याचं पाणी ठेवतात. राजोपचार खरा, पण मच्छरदाणी अगदी नगर जिल्ह्यातल्या घरातली.

गोविंद रघुनाथ दाभोळकर, म्हणजे हेमाडपंत, यांच्या ‘श्रीसाईसच्चरिता’त या सगळ्याचं आधीचं चित्र आहे. १९३० साली प्रसिद्ध झालेल्या या ओवीबद्ध ग्रंथाच्या आठव्या अध्यायात मशिदीतली रात्र येते. बाबा आणि त्यांचे भक्त म्हाळसापती व तात्या कोते पाटील असे तिघे तिथे झोपत. तिघांची डोकी पूर्वेला, पश्चिमेला आणि उत्तरेला, पाय मधोमध एकमेकांना लागलेले. मध्यरात्रीपर्यंत गप्पा चालत. कोणाचा डोळा लागतोय असं दिसलं की बाकीचे त्याला जागं करत. तात्या घोरू लागले की बाबा आणि म्हाळसापती उठून त्यांना कुशीवर वळवत, पाय रगडत, पाठ चेपत. तात्या आई-वडिलांना घरी ठेवून चौदा वर्षं असे मशिदीत झोपले. वडील वारल्यावर प्रपंच अंगावर आला, तेव्हापासून ते घरी झोपू लागले.

सदतिसाव्या अध्यायात चावडीची मिरवणूक आहे. टाळ-मृदंग, भजन, शिंगं, पालखी, सजवलेला श्यामकर्ण घोडा, छत्र-चामरं. पण तात्या आल्याशिवाय बाबा जागचे उठत नसत. तात्या येऊन काखेत हात घालून त्यांना उठवत. बाबा सटका, म्हणजे आपली काठी, बगलेत घेत, चिलीम-तमाखू बरोबर घेत, खांद्यावर फडका टाकत. तात्या त्यांच्या अंगावर जरीची शाल पांघरत. निघताना बाबा उजव्या पायाच्या अंगठ्याने धुनीतली लाकडं जरा सारखी करत, उजव्या हाताने दिवा मालवत आणि मग चावडीकडे चालू लागत. तिथे बापूसाहेब जोग आरती करत. आरती झाली की लोक एकेक करून दर्शन घेत, चिलीम होई, आणि चावडी रिकामी होऊ लागे.

तात्याही जायला निघत. तेव्हा बाबा त्यांना सांगत की मला सांभाळ. जायचं तर जा, पण रात्री मधूनच एकदा येऊन माझी खबर घेत जा. शेजारती नुकतीच झालेली असे, अख्ख्या गावाने वाजतगाजत त्यांना निजायला पोचवलेलं असे, आणि तरीही चौदा वर्षं शेजारी झोपलेल्या माणसाकडे त्यांनी मागितलं ते एवढंच. तात्या हो म्हणत आणि घरी जात. मग बाबा स्वतः उठून एकावर एक चादरी पसरत आणि आपलं अंथरूण आपण घालत.